मायनस अठ्ठावीसमधलं भरीत

मी शाळेत पी.टी. शिकवायचो. त्यामुळे थंडी या विषयावर बोलण्याचा अधिकार गल्लीत फक्त मला आहे, असं मला बरीच वर्षं वाटत आलं. आमच्या शहाद्याकडे डिसेंबरात पारा आठ-नऊवर उतरला की पेपरात मोठ्या अक्षरात बातमी येते, माणसं मफलरमधून नुसते डोळे बाहेर ठेवून फिरतात, आणि मी गच्चीवर बनियनमध्ये जोर मारतो. गच्चीवर अशासाठी, की सगळ्यांना दिसावं. कळसाडीच्या शेतावर गेलो तर भल्या पहाटे विहिरीच्या पाण्याने अंघोळ करतो. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, हे मी कुणाला सांगत नाही.

म्हणून कॅनडातल्या लेकीकडे ऐन हिवाळ्यात जायचं ठरलं तेव्हा माझ्या भावाने काळजीने विचारलं, "दादा, तठली थंडी सोसाई का तुले?" मी त्याला थंडीवर एक छोटंसं व्याख्यान दिलं. थंडी ही शरीरात नसते, मनात असते, वगैरे. तिकडच्या विमानतळाचं दार आपोआप उघडलं आणि ती बाहेरच आहे हे कळलं. माझ्या नाकातले केस ताठ झाले. श्वास घेतला तो अर्ध्या वाटेतूनच परत आला. बायकोने विचारलं, "कसं वाटी ऱ्हायनं?" मी म्हणालो, "ताजंतवानं." दात वाजत असल्यामुळे ते तीन-चार वेळा म्हटलं गेलं.

गेलो होतो ते काही बर्फ बघायला नव्हे. लेकीला तिसरा महिना लागला होता आणि तिच्या पोटात काही म्हणजे काही टिकत नव्हतं. जावई दिवसभर ऑफिसात. ती एकटी सोफ्यावर पडून, शेजारी एक निळी बादली. आम्ही घरात शिरलो तेव्हा ती उठून मला भेटली आणि माझ्या हाताला तिची खांद्याची हाडं लागली. ही पोर शाळेत गोळाफेकीत जिल्ह्याला गेली होती. मला धसका बसला, पण मी पी.टी.चा सर असल्यामुळे "जरा वजन कमी झालंय, बरं दिसतं" असं काहीतरी मूर्खासारखं बोललो. बायकोने मला कोपर मारलं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की जे पोटात राहील ते खा, काय खाता ते महत्त्वाचं नाही. पण पुढच्या तपासणीपर्यंत वजन सावरलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. पुढची तपासणी पंधरवड्यावर होती. घरात कुणी हे पुन्हा बोलत नसे, पण बाथरूममधल्या वजनकाट्याकडे येता-जाता सगळेच बघत.

बायको कामाला लागली. पहिल्या दिवशी मुगाची खिचडी. बादली. मग ताकाची कढी, गव्हाचा सांजा, नागलीची पेज. बादली, बादली, बादली. उडदाच्या डाळीवर तिचा फार भरवसा होता, पण त्या डाळीचा फक्त वासच पुरला. लेकीच्या पोटात त्या दिवसांत राहत होती ती खारी बिस्किटं आणि फ्रीजमधले बर्फाचे खडे. चहूकडे गुडघाभर बर्फ असताना घरातही बर्फच खाणारी माझी लेक बघून मला त्या देशाचाच राग यायला लागला.

तो देशही विचित्र. घरात जमिनीतल्या जाळीतून गरम वारा येतो, म्हणजे घरात चैत्र आणि काचेपलीकडे मरण. हवा इतकी कोरडी, की दाराच्या कडीला हात लावला तरी ठिणगी उडते. जावयांनी पहिल्या दिवशी नमस्कार करायला माझ्या पायांना हात लावला आणि दोघेही ओरडून मागे सरलो. जावई सांगलीकडचे, अतिशय सज्जन, हळू बोलणारे. सकाळी उठल्यावर ते देवाच्या आधी मोबाईलमधलं हवामान बघत. "अप्पा, आज मायनस सव्वीस आहे, बाहेर जाऊ नका." मग संध्याकाळी, "अप्पा, उद्या मायनस अठ्ठावीस आहे." मला ते चढत्या भाजणीतलं कौतुक वाटे. मी एकदा माझा लेंगा धुऊन मागच्या अंगणात दोरीवर टाकला. तासाभराने आणायला गेलो तर तो स्वतःच्या पायावर उभा राहील इतका कडक झाला होता. घडी करायला गेलो तर गुडघ्यात मोडला. जावयांनी तो दोन्ही हातांनी आडवा धरून अदबीने आत आणला.

पण खरी कमाल केली ती बायकोने. लग्न झाल्यापासून तिने दारात सडा टाकल्याशिवाय चहा घेतलेला नाही. आठवडाभर तिने कसाबसा धीर धरला, आणि एका सकाळी जावई ऑफिसला निघायच्या आधी पुढच्या पायऱ्यांवर बादलीभर पाणी शिंपडून आली. शेण मिळालं नाही याचंच तिला वाईट वाटत होतं. वर तांदळाच्या पिठाची छोटी रांगोळीही काढली. रांगोळी पूर्ण होईपर्यंत खाली सडा राहिलाच नव्हता, नुसती काच झाली होती. मी कौतुकाने बघायला पाऊल टाकलं आणि पुढच्या क्षणी थेट फाटकापाशी बसलेला होतो. कुठेही हात-पाय न हलवता मी तीन पायऱ्या उतरलो, रांगोळीही थोडी माझ्याबरोबर आली.

"तुले कोणी सांगं व्हतं सडा टाकाले?" मी खालूनच ओरडलो.

"सडाबिगर दार भुंडं दिसस," ती वरून म्हणाली. "अन् तुम्ही चपला घालीसन रांगोळीवर पाय कसाले दिन्हा?"

जावयांनी मीठ आणून टाकलं, फावड्याने खरवडलं, पण ती काच चांगली मुरली होती. पुढचे कितीतरी दिवस त्या घरात येणं-जाणं फक्त गॅरेजमधून चालू राहिलं. आणलेला बाजारही तिथेच उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. मला ती सोय आवडली. थंडगार, अंधारी जागा. भाजी ठेवायला उत्तम, असं माझ्या डोक्यात आलं.

अशात एका सकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. आमची सकाळ म्हणजे गावाकडची संध्याकाळ. फोनच्या चौकटीत आमचं शेत, वेचणी संपलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, आणि त्यात फुटत असलेली हिरवी वांगी. आमच्याकडे हिवाळ्यात शेतावर भरीत होतं ते घरच्या स्वयंपाकासारखं नाही. सगळं गडीमाणसांच्या हातचं. पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, मिरच्या, लसूण टाकून लाकडी बडगीत, म्हणजे लांबट उखळीत, कुटायची, वरून शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. बायका त्या दिवशी नुसत्या बसतात आणि नावं ठेवतात.

"देख दादा, वांगा कशा फुटी ऱ्हायनात!" भाऊ म्हणाला. धुरामुळे त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. "तुन्हा वाटानं आज मीच खाई लेस."

मी काही बोलणार तोच मागे सोफ्यावर हालचाल झाली. लेक उठून बसली होती. पांघरूण ओढत ती माझ्या खांद्यापाशी आली, फोन हातातून घेतला आणि त्या जाळाकडे बघत राहिली. तिने नाक वर केलं, जणू वास येईल.

"अप्पा," ती म्हणाली, "माले हाई पाहिजे."

आम्ही आल्यापासून तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी खुर्चीवरून असा उठलो जसं कुणी शिट्टी वाजवली. "करसू मी," म्हणालो. "आजच करसू."

"गरवारशीले वांगं?" बायको म्हणाली; गर्भारपणात वांगं आमच्याकडे वर्ज्य. मग तिने लेकीचं तोंड बघितलं आणि तो विषय सोडला. पण माझ्यावर तोफ डागायची राहिली होतीच. "अन् करतीन कोण, तुम्ही? चहा करता येत नही, अन् भरीत कराले निंघनात."

चहा आणि भरीत यांचा संबंध काय, हे मला आजही कळलेलं नाही.

जावयांबरोबर जाऊन वांगी आणली. ती वांगी काय होती! जांभळी, एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढं, वर मेणाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. आमच्या हिरव्या वांग्यांची सर त्यांना येणार नव्हती, पण अडलेल्याने किती नखरे करायचे. दोन पिशव्या भरून घेतल्या. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली म्हणून पिशव्या गॅरेजमध्येच ठेवल्या आणि बायकोला रुबाबात सांगितलं, की वांगं गार जागेत रात्रभर राहिलं तर सकाळी टवटवीत लागतं. आमच्याकडे हे खरंच आहे. शेतावरच्या पडवीत रात्रभर ठेवलेलं वांगं सकाळी दव पडल्यासारखं दिसतं.

सकाळी मी पिशवीत हात घातला आणि वांग्याला बोट लावलं तर टक् आवाज आला. दुसऱ्याला लावलं, टक्. एक उचलून फरशीवर ठेवलं, ते दगडासारखं घरंगळत गाडीच्या चाकाखाली गेलं. मी ते सगळं हौसेने आत आणलं आणि गरम वाऱ्याच्या जाळीजवळ मांडलं, म्हटलं उतरतील. उतरली. तासाभरात त्यांची अशी गत झाली की उचलायला गेलं की बोटं आत जात आणि तपकिरी पाणी निथळे. बायकोने फडका आणून दिला. 

दुसऱ्यांदा आणलेली वांगी मी आमच्या झोपायच्या खोलीत, जाळीपासून बेताच्या अंतरावर, टॉवेलात गुंडाळून ठेवली. बायको म्हणाली की स्वतःच्या मुलांना मी एवढं जपलं नव्हतं. तेही चूक नव्हतं.

मग भाजण्याचा प्रश्न आला. त्या घरात गॅस नाही, काचेची शेगडी, तिच्यात खालून लाल गोल दिसतात पण जाळ नाही. जावई हळूच म्हणाले, "अप्पा, ओव्हनमध्ये भाजता येतील. एकसारखी भाजतात." मी जरा नाखुशीनेच तयार झालो. वांगी एकसारखी भाजली खरी, नको इतकी एकसारखी. कुठे काळं नाही, कुठे फुटलं नाही, सालं अगदी शहाण्यासारखी सुटली. कुटून, फोडणी देऊन लेकीपुढे ठेवलं. तिने घास नाकाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"अप्पा, हाई भरीत नही शे. हाई उकाडेल वांगं शे."

आणि ती बादलीकडे वळली. मला तिचा राग आला नाही, कारण ती खरं बोलत होती. धूर नसेल तर ते भरीत नाही.

तेव्हा जावई काहीतरी बोलायला आले होते. "अप्पा, लाकूड हवं असेल तर..." एवढं म्हणाले. पण मी तेव्हा ऐन भरात होतो. मी त्यांना सांगितलं, की जावईबापू, शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस सरपण विकत घेत नाही. सरपण शोधायचं असतं. ज्याला सरपण विकत घ्यावं लागतं त्याने गावात तोंड दाखवू नये. ते "हो अप्पा" म्हणून निघून गेले.

आणि मला सरपण सापडलंही. नाताळ होऊन गेला होता. खिडकीतून बघतो तर रस्त्याच्या कडेला, दर चार-सहा घरांआड, अख्खीच्या अख्खी हिरवी झाडं टाकून दिलेली! खोडासकट, फांद्यांसकट. लोक घरात झाड आणतात, सजवतात आणि आठ-पंधरा दिवसांत बाहेर फेकतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण इतकं फुकट सरपण रस्त्यावर पडलेलं बघून माझा जीव वरखाली झाला. आमच्याकडे वेचणी झाल्यावर पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या की कुणीही मोळीभर उचलतं, कुणी हू की चू करत नाही. तोच न्याय.

जावई ऑफिसात असताना मी जाकीट चढवलं, माकडटोपी घातली आणि समोरच्या घरापुढचं झाड खोडाला धरून ओढायला लागलो. ते माझ्याहून फूटभर उंच होतं. बर्फातून ते ओढताना मागे एक रुंद पट्टा उमटत होता आणि माझ्या मिशीवर बर्फ जमत होता. समोरच्या घरातला म्हातारा खिडकीत कॉफी घेऊन उभा होता. मी हात हलवला. त्यानेही हलवला. त्याला बहुधा वाटलं असेल की आम्ही सण उशिरा साजरा करतो.

मागच्या अंगणात आधीच्या मालकाने सोडलेलं एक लोखंडी कुंड बर्फाखाली गाडलेलं होतं, जाळ करायचंच. ते मी फावड्याने उकरून काढलं, झाडाच्या फांद्या मोडून त्यात घातल्या आणि काडी लावली. जाळ असा उठला की मी आपोआप दोन पावलं मागे सरलो. आमच्या पऱ्हाट्या समजूतदारपणे जळतात. हे झाड चिडून जळत होतं, तडतडत, ठिणग्या उडवत, आणि त्यातून काहीतरी चिकट थेंबथेंब गळत होतं. वर मेपलच्या फांदीवर साठलेला बर्फ गरम होऊन धपकन खाली आला, अर्धा जाळात आणि अर्धा माझ्या कॉलरमधून पाठीत. मी जो आवाज काढला तो ऐकून बायको मागच्या दारात आली.

"काय करी ऱ्हायनात?"

"भरीत," मी म्हणालो.

वांगी काळी झाली, फुटली, सगळं पऱ्हाट्यांवर होतं तसं झालं. मी ती ताटात घेऊन वीरासारखा आत आलो. घरभर वास पसरला. पण तो वास भरताचा नव्हता. मी तो ओळखायचा प्रयत्न करत होतो. लेकीने सोफ्यावरूनच ओळखला.

"अप्पा, हाई खावानं शे का फरशी पुसानं?"

खरंच, वांग्याला फिनेलचा वास येत होता. बायकोने एक कण जिभेवर ठेवला आणि म्हणाली की सर्दी झाली असती तर छातीला चोळता आलं असतं. लेक हसायला लागली, पोट धरून. आम्ही गेल्यापासून तिला हसताना मी प्रथमच बघितलं. मीही हसलो. पण तिने खाल्लं मात्र काहीच नाही, आणि तपासणी आता परवावर आली होती. संध्याकाळी ती वजनकाट्यावर उभी राहिली तेव्हा मी दाराआडून बघितलं. तिने आकडा कुणाला सांगितला नाही. मी खोलीत येऊन पलंगावर बसलो आणि मला फार भीती वाटली. इतकी, की बायकोला सांगितलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, "माले बी."

त्याच संध्याकाळी जावई माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आधी घसा साफ केला. मग म्हणाले, "अप्पा, रागावणार नसाल तर सांगतो. भाजायला चांगलं, वाळलेलं लाकूड मिळतं. पेट्रोल पंपावर. प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं असतं."

मला वाटलं ते थट्टा करतायत. पेट्रोल पंपावर सरपण!

"मग आधी का नाही सांगितलं?" मी ओरडलो.

"सांगत होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणालात, जो सरपण विकत घेतो त्याने गावात तोंड दाखवू नये. म्हटलं, विकत आणलं तर तुमच्याच समोर राहायचंय, तोंड कुठे लपवू."

एवढ्या हळू आवाजात इतकं टोचून बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हणालो, "चला." आम्ही दोघं गाडी काढून गेलो. खरंच होतं, पेट्रोल पंपाच्या दाराशी, पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी, लाकडाच्या मोळ्या व्यवस्थित रचून ठेवलेल्या. जावयांनी दोन घेतल्या. मी एका मोळीचा वास घेऊन बघितला. सुकं, गोडसर. मी तिथे उभ्या उभ्या सरपण विकत घेण्याविषयीचं माझं सगळं तत्त्वज्ञान मागे घेतलं, तेही मनातल्या मनात नाही, जावयांना ऐकू जाईल असं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी काढली. बाहेर मायनस अठ्ठावीस होतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. माझ्या जाकिटाला त्या झाडाचा वास असल्यामुळे ते लेकीजवळ न्यायची सोय नव्हती. म्हणून मी बायकोचं गुलाबी जाकीट घातलं, त्यावर गावाहून आणलेली गोधडी बांधली, आणि डोक्याला माकडटोपी. या अवतारात मी कुंडासमोर बसलो. समोरचा म्हातारा आता रस्ता ओलांडून आमच्या कुंपणापाशी उभा राहून बघत होता, खिडकीने त्याचं भागेना.

लाकूड हळू पेटलं, पण पेटल्यावर शहाण्यासारखं जळलं. मी निखारे होऊ दिले. वांग्यांना सुरीने भोकं पाडून त्यांत लसणाच्या पाकळ्या खोचल्या आणि निखाऱ्यांवर ठेवली. अडचण अशी, की वांग्याची खालची बाजू भाजत होती तोवर वरची बाजू गोठत होती. त्यामुळे मी ती सारखी फिरवत राहिलो. हीच अडचण माझीही होती. पुढून मी भाजत होतो आणि मागून मला काही कळत नव्हतं, म्हणून अधूनमधून उठून जाळाला पाठ करून उभा राहायचो. तेवढ्यात बर्फ पडायला लागला. जावई न सांगता छत्री घेऊन आले आणि माझ्यावर नव्हे, वांग्यांवर धरून उभे राहिले. त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "अप्पा, डावीकडचं करपतंय."

वांगी फुटली. सालीखालून वाफ आली, आणि धूर तिच्यात मिसळला. मला एकदम आमच्या बांधावर बसल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं आणि पापणीवरच गोठलं. मी पापणी उघडीपर्यंत जावयांनी वांगी ताटात काढली होती.

बडगी नव्हती. खोल पातेलं घेतलं, पण कुटायला काय? लाटणं आखूड. जावई वर गेले आणि क्रिकेटचा एक स्टंप घेऊन आले. तिकडचा उन्हाळा जेमतेम पुरतो तेवढ्यात ते आणि त्यांचे मित्र क्रिकेट खेळतात म्हणे. स्टंप तीनदा घासून धुतला, कडकडीत पाण्यातून काढला आणि मी त्याने वांगी, भाजलेल्या मिरच्या आणि लसूण कुटायला बसलो. आज वरच्या खोलीत पडून असलेल्या लेकीने आवाज ऐकून विचारलं, "काय फोडी ऱ्हायनात?" बायकोने गावाहून आणलेल्या कळण्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या. मी तेल तापवून फोडणी घातली. चर्र झालं आणि तो वास जिना चढून वर गेला.

लेक खाली आली. कुणी बोलावलं नव्हतं. ओट्यापाशी आली, ताट घेतलं नाही, पातेल्यातच भाकरीचा तुकडा बुडवला आणि उभ्या उभ्या तोंडात घातला. मग दुसरा. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो, बायकोच्या हातात तवा तसाच. ती चार-पाच घास खाऊन थांबली आणि जाऊन सोफ्यावर पडली.

मग सुरू झालं वाट बघणं.  बायको दर थोड्या वेळाने बैठकीत डोकावून यायची. जावई लॅपटॉप उघडून बसले, पण एकही अक्षर दाबत नव्हते. मी खिडकीशी उभा राहून बर्फ बघत होतो आणि कान मागे होते. दुपार कलली. पातेल्याला कुणी हात लावला नव्हता. आम्हाला भूक लागली होती, पण जे तिच्या पोटात राहणार आहे की नाही हेच ठरलेलं नाही ते आपण कसं खायचं, असं तिघांनाही वाटत होतं. शेवटी मला राहवेना. बायकोने आम्हा दोघांना आणि स्वतःला थोडं थोडं वाढलं. मी भाकरीचा पहिला घास केला आणि तोंडात घातला.

बैठकीतून हाक आली.

"माय, आखो शे का?"

बायको उठली. पातेल्यात उरलं होतं ते सगळं तिने एका वाटीत काढलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिने स्वतःच्या ताटातलं त्यात घातलं, जावयांच्या ताटातलं घातलं, त्यांनीही ताट पुढे केलं, आणि मग माझं ताट माझ्या हातातून ओढून तेही रिकामं केलं. तोंडात होता तो एक घास तेवढा माझा राहिला. तो मी बराच वेळ गिळलाच नाही.